न्यूटन रिंग्जमध्ये (सपाट काचेवर बहिर्गोल भिंग ठेवल्यावर दिसणाऱ्या काळ्या-उजळ कड्यांमध्ये) मधला ठिपका काळा न दिसता उजळ दिसतोय. वक्रता त्रिज्या चुकीची येईल का?

नाही येणार, फक्त कड्यांच्या व्यासांच्या वर्गांची वजाबाकी करा.

भिंग काचेला खरोखर टेकलेलं असेल तर तिथे हवेची जाडी शून्य असते. पण खालच्या काचेवरून परावर्तित होताना अर्ध्या तरंगलांबीचा (λ/2) फरक पडतो, म्हणून केंद्र काळं दिसतं. उजळ दिसतंय म्हणजे मध्ये धुळीचा कण अडकलाय. भिंग आणि काच स्पिरिटने पुसून पाहा. तरीही नाही गेलं तर सोडून द्या, कारण ती फट सगळ्या कड्यांसाठी सारखीच असते आणि वजाबाकीत निघून जाते:

R = (Dₘ² − Dₙ²) / 4λ(m − n)

इथे R म्हणजे भिंगाची वक्रता त्रिज्या, Dₘ आणि Dₙ म्हणजे m आणि n क्रमांकाच्या काळ्या कड्यांचे व्यास, λ म्हणजे प्रकाशाची तरंगलांबी.

सोडियमसाठी λ = 589.3 नॅनोमीटर. R 100 सेंमी असेल तर आदर्श स्थितीत दहाव्या काळ्या कड्याचा व्यास 4.86 मिमी, विसाव्याचा 6.87 मिमी येतो. एकाच कड्यावरून D² = 4nλR वापरलंत, तर मात्र ती धूळ थेट उत्तरात शिरते.

खरी गडबड होते ती बॅकलॅशमुळे, म्हणजे सूक्ष्मदर्शक सरकवणाऱ्या स्क्रूच्या आट्यांमधल्या ढिलेपणामुळे. डावीकडे विसाव्या कड्याच्याही दोन-तीन कडी पुढे जा, मग स्क्रू एकाच दिशेने फिरवत उजव्या टोकापर्यंत वाचनं घ्या. एखादं कडं चुकलं म्हणून स्क्रू उलटा फिरवला, तर पुन्हा पहिल्यापासून. क्रॉसवायर (सूक्ष्मदर्शकात दिसणारी फुलीची तार) केंद्रातून नेमकी जात नसली तरी चालेल. तेव्हा व्यासाऐवजी जीवा (केंद्रातून न जाता कड्याला दोन ठिकाणी छेदणारी रेषा) मोजली जाते, पण जीवांच्या वर्गांतला फरकही तोच येतो.