कोडिंग येत नसताना शाळेसाठी ओपन सोर्स सॉफ्टवेअर शिकायला कुठून सुरुवात करावी?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: आजवर वर्गात शिकवत होता, आता शाळेच्या तंत्रज्ञान समन्वयक झालात. लॅबमधली मशीन जुनी, सॉफ्टवेअरसाठी पैसे नाहीत, कोडिंग येत नाही, आणि ओपन सोर्सच्या, म्हणजे कोड खुला असलेल्या सॉफ्टवेअरच्या, लांबलचक याद्या बघून गरगरायला होतंय. तर आधी काय शिकू?

आधी त्या याद्या बाजूला ठेवा. मीही शिक्षिकेची समन्वयक झाले तेव्हा अशीच एक यादी घेऊन बसले होते. सुट्टीत रोज एक सॉफ्टवेअर उतरवायचं, असा बेत. फोटो सुधारायच्या गिंपमधले लेयर कळले, रेखाचित्रांच्या इंकस्केपमध्ये नोड ओढून बघितले, थ्रीडीचं ब्लेंडर उघडलं आणि घाबरून तसंच बंद केलं. शाळा सुरू झाली आणि पहिल्याच दिवशी एका सहकाऱ्यांनी विचारलं, "मॅडम, माझं वेळापत्रक कायम एका पानावर मावायचं. तुमच्या या लिनक्सवर दोन पानं का होतायत?"

मला उत्तर माहीत नव्हतं. स्टाफरूममधल्या एका मशीनवर मी मोठ्या हौसेने विंडोजच्या जागी लिनक्स आणि वर्ड-एक्सेलची कामं करणारं लिबरऑफिस घातलं होतं. त्यांची फाइल कॅलिब्री फॉन्टमध्ये होती आणि त्या मशीनवर कॅलिब्री नव्हता. फाइलमध्ये सहसा फॉन्टचं नुसतं नाव असतं, फॉन्ट नसतो, हे मला तेव्हा कळलं. नावाचा फॉन्ट सापडला नाही की सॉफ्टवेअर दुसरा कुठला तरी घेतं, त्याची अक्षरं जरा रुंद निघतात, ओळी खाली सरकतात आणि तक्त्याची शेवटची रांग पुढच्या पानावर जाते. तासभर शोधल्यावर कार्लिटो सापडला. हा मुक्त फॉन्ट कॅलिब्रीच्याच मापाचा आहे, प्रत्येक अक्षराची रुंदी तंतोतंत तीच. कँब्रियासाठी तसाच कॅलाडिया आहे, आणि टाइम्स न्यू रोमन, एरियल यांच्या जागी लिबरेशनचे फॉन्ट चालतात. कार्लिटो घातला, फाइल पुन्हा उघडली, वेळापत्रक एका पानावर. त्या दिवसापासून ते सहकारी "लिनक्सवर काही होत नाही" म्हणायचे थांबले. निदान माझ्यासमोर तरी.

म्हणून माझं सांगणं एवढंच, की सॉफ्टवेअर शिकायला जाऊ नका, शाळेतली एक अडचण धरा. कुणाला पीडीएफ जोडायच्या असतात, कुणाला मुलांचं वाचन रेकॉर्ड करायचं असतं, कुणाला पंचवीस मशीनवर तीच फाइल हवी असते. अडचण खरी असली की आवाज रेकॉर्ड करायचं ऑडॅसिटी एका दुपारी येतं. नसली तर महिनाभर व्हिडिओ बघूनही हाताला काही लागत नाही.

आणि सुरुवातीलाच विंडोज काढायला जाऊ नका. ही चूक उत्साही माणसं हमखास करतात, मीही केली. लिबरऑफिस, फायरफॉक्स, व्हीएलसी, ऑडॅसिटी, गिंप हे सगळं विंडोजवरही चालतं. आधी ते वापरात येऊ द्या. लिबरऑफिसचे मेनू जुनाट वाटतात अशी तक्रार येईलच. व्ह्यू मेनूत यूझर इंटरफेस म्हणून पर्याय आहे, तिथे टॅब्ड निवडलं की वर्डच्या सवयीच्या माणसाला बरंच ओळखीचं वाटतं. फाइल वर्डच्या डॉकएक्स प्रकारातच सेव्ह व्हावी हेही ऑप्शन्समध्ये एकदाच ठरवून टाकता येतं. तात्त्विकदृष्ट्या लिबरऑफिसचा खुला प्रकार ओडीएफ बरा, पण ज्यांना उद्या सकाळी प्रश्नपत्रिका छापायची आहे त्यांच्याशी तत्त्वावर वाद घालू नये.

लिनक्सची वेळ येते ती जुन्या मशीनमुळे. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ अधिकृतपणे टीपीएम २.० ही मशीनमधली सुरक्षेची सोय मागतं, त्यामुळे चांगली चालणारी कितीतरी मशीन अडकून पडलीत. चार जीबी रॅम असेल तर लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती तिथे समाधानाने चालते. ती पेनड्राइव्हवर घ्या आणि मशीन पेनड्राइव्हवरूनच सुरू करा, काही इन्स्टॉल न करता. वायफाय मिळतंय का, आवाज येतोय का, प्रोजेक्टरवर चित्र दिसतंय का आणि प्रिंटर छापतोय का, या चार गोष्टी तपासा. प्रिंटर सगळ्यात जास्त दगा देतो. इन्स्टॉल करताना सगळी डिस्क पुसायचा पर्याय समोर येतो, तिथे दोन मिनिटं थांबून आत कुणाचं काही उरलं नाही ना ते बघा.

लहान वर्गांसाठी दोन नावं पुरेत. एक जीकॉम्प्री, साधारण दोन ते दहा वर्षांच्या मुलांसाठी, माउस धरण्यापासून बेरजांपर्यंत शंभराहून जास्त खेळ. नावात फ्रेंच कोटी आहे, उच्चार केला की "मला समजलं" असं ऐकू येतं. दुसरं टक्स पेंट. त्यात सेव्ह दाबलं की फाइलचं नाव विचारतच नाही, आणि उघडताना सगळी चित्रं छोटी छोटी समोर मांडतं. ज्याला अजून लिहिता येत नाही अशा मुलाला नाव काय विचारणार? कुणीतरी मुलांकडे नीट बघून हे बनवलंय, हे पाच मिनिटांत लक्षात येतं. त्यातले आवाज मात्र कॉन्फिगमधून आधी बंद करा, वीस मशीन एकदम वाजायला लागली की डोकं उठतं.

फुकट आणि मुक्त यातला फरक कधीतरी समजून घ्या. जिओजेब्रा गणितासाठी उत्तम, वर्गात वापरायला फुकट, पण त्याचा परवाना व्यापारी वापराला आडकाठी करतो, म्हणून ते पूर्ण अर्थाने मुक्त नाही. खऱ्या मुक्त परवान्यात वापरणं, आतलं बघणं, बदलणं आणि वाटणं या चारही गोष्टींची मुभा असते. शाळेला शेवटची सगळ्यात कामाची: मुलाने मागितलं तर तेच सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर घालून घरी देता येतं, कुणाची परवानगी न मागता.

मूडलचा, म्हणजे ऑनलाइन वर्ग आणि चाचण्या चालवायच्या सॉफ्टवेअरचा, मोह पहिल्या वर्षी टाळा. सॉफ्टवेअर चांगलंच आहे, २००२ पासून टिकून आहे. पण ते ज्यावर चालतं तो सर्व्हर सांभाळणं हे वेगळंच काम आहे. मी शाळेतल्याच एका मशीनवर ते बसवलं आणि दर शुक्रवारी इमानेइतबारे मूडलडेटा नावाच्या फोल्डरची कॉपी घ्यायचे. डिस्क गेली तेव्हा कळलं की मुलांचे गुण, नावं, प्रश्नपेढी हे सगळं डेटाबेसमध्ये असतं आणि त्याची एकही कॉपी माझ्याकडे नव्हती. अपलोड केलेल्या फाइलीसुद्धा त्या फोल्डरमध्ये लांबलचक सांकेतिक नावांनी पडलेल्या असतात. कुठली कुणाची हे डेटाबेसलाच माहीत. एका सत्राचे गुण मी शिक्षकांच्या वह्यांवरून पुन्हा भरले. बॅकअप घेतलाय एवढ्यावर विश्वास ठेवू नका, तो दुसऱ्या मशीनवर एकदा उतरवून बघा.

कोडिंगचं म्हणाल तर लागत नाही. टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, थोडं लागतं, दहा-बारा आज्ञा. इंटरनेटवरून आज्ञा उचलून डकवण्याआधी तिचा प्रत्येक शब्द काय करतो ते वाचायचं, एवढी सवय लावून घ्या. लॅबमधले सगळे पडदे एका जागेवरून बघायला व्हेयॉन आहे; ते बसवताना डिजिटल किल्ल्यांची, म्हणजे ओळख पटवणाऱ्या दोन फाइलींची, जोडी तयार होते, सार्वजनिक किल्ली मुलांच्या मशीनवर जाते, खाजगी फक्त शिक्षकाच्या. उलट झालं तर मुलं तुमचा पडदा बघतील. आणि पडदा दिसतोय हे मुलांना आधी सांगा, चोरून बघू नका.

शेवटचं, वही ठेवा. खरी, कागदाची. कुठल्या मशीनवर काय घातलं, कुठला पासवर्ड कुणाकडे आहे (पासवर्ड स्वतः नाही), काय बिघडलं, कशाने सुटलं. मला एकदा पंधरा दिवस रजा घ्यावी लागली आणि लॅब एका भूगोलाच्या सरांकडे गेली. मधल्या काळात एक मशीन पार बसलं, ते त्यांनी वही उघडून पान-पान बघत पुन्हा उभं केलं. मला फोन एकच आला, "मॅडम, वहीत पेनड्राइव्ह म्हटलंय, तो कुठाय?" तेवढंच लिहायचं राहिलं होतं.