सासऱ्यांचा गुळवेलीचा ग्लास

प्रश्न : नमस्कार ताई, आमच्या सोसायटीत कडुलिंबावर गुळवेल चढलाय. सासरे (वय 71, शुगरची गोळी चालू) कोरोनापासून रोज सकाळी त्याचा ग्लासभर काढा पितात, म्हणतात अँटीऑक्सिडंट आहे, नुकसान काहीच नाही. ऐकत नाहीत. खरंच काही नुकसान नाही का?
– एक सून, कोथरूड

उत्तर : सूनबाई, बाबांचं अर्धं बरोबर आहे. गुळवेल म्हणजे गुडूची, तिलाच अमृता म्हणतात, आणि तापात, अशक्तपणात वैद्य ती पूर्वापार देत आलेत. छिन्नरुहा हे नाव तर मला फार आवडतं, कारण कापून टाकलेलं खोडसुद्धा झाडावर लटकत राहून खाली दोऱ्यासारख्या मुळ्या सोडतं, मरतच नाही.

आता ते अँटीऑक्सिडंट, म्हणजे पेशींना इजा करणाऱ्या कणांना आवर घालणारं द्रव्य. लॅबमध्ये डीपीपीएच नावाच्या जांभळ्या द्रावणात वनस्पतीचा अर्क टाकतात आणि जांभळा रंग जाऊन पिवळट झाला की म्हणायचं गुण आहे, आणि गुळवेलीच्या अर्काने तो रंग खरंच उतरतो, पण ते झालं परीक्षानळीत, पोटात गेल्यावर त्यातलं किती शोषलं जातं, लिव्हर त्याचं काय करते ही वेगळीच गोष्ट, आणि पाकिटावर मात्र नळीतलंच छापतात! चहातही अँटीऑक्सिडंट असतातच की, म्हणून कोणी दिवसाला दहा कप पितं का? (पुण्यात पितात म्हणा, पण तब्येतीसाठी नाही.)

बाबांच्या बाबतीत मला पहिली काळजी शुगरची. गुळवेल साखर खाली आणू शकते आणि वर गोळीही चालू, त्यात सकाळी उपाशीपोटी पीत असतील तर घाम, थरथर, चक्कर येऊ शकते. डॉक्टरांना या ग्लासाबद्दल सांगितलंय का? बहुतेक नसेलच, घरगुती आहे म्हणून कोणी सांगत नाही.

दुसरं लिव्हर. 2020 मध्ये सप्टेंबर ते डिसेंबर या काळात मुंबईत गुळवेल घेणाऱ्या 6 जणांना लिव्हरला सूज आल्याचं डॉक्टरांनी नोंदवलं, त्यावर आयुष मंत्रालयाने 2021 मध्ये आक्षेप घेतला की घेतलेली वनस्पती नेमकी कोणती हे तपासलेलंच नाही. वाद राहू दे, पण त्या आक्षेपातच आपल्या कामाची गोष्ट आहे, ओळख पटवा. टिनोस्पोरा क्रिस्पा नावाची तिची बहीण दिसायला तशीच, पानं दोघींची पत्त्यातल्या बदामाच्या आकाराची, पण क्रिस्पाच्या खोडावर चामखिळीसारख्या गाठी असतात. आपल्या गुळवेलीची साल कागदासारखी पातळ सुटते, खाली हिरवं दिसतं, आणि खोड आडवं कापलं की चाकाच्या आऱ्यांसारखी नक्षी.

आणि ग्लासभर, रोज, वर्षानुवर्षं हे कुठल्या वैद्याने सांगितलं? चूर्णाचं माप साधारण 3 ते 6 ग्रॅम, तेही प्रकृती बघून आणि ठरावीक दिवस. तूर्त बंद ठेवा, डॉक्टरांना विचारून शुगरसोबत एसजीपीटी ही लिव्हरची रक्ततपासणीही करून घ्या. डोळे पिवळे, लघवी गडद, जेवण नकोसं, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना. रूमॅटॉइड संधिवातासारखा ऑटोइम्यून आजार (प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते तो) असेल तर मुळीच नको.

ओळख पटवायला वैद्यांना फोटो दाखवणार असाल तर पानाचा नको, खोडाचा घ्या, कापलेल्या बाजूने.