वाचकांचे प्रश्न: सावलीचं कापड आणि वळवाचा वारा

प्रश्न: नमस्कार दादा. आम्ही दोघंही निवृत्त शिक्षक, राहणार सांगलीवाडी. हौसेनं सोळा फुटी ट्रेलर कॅराव्हॅन (गाडीमागे जोडून न्यायचं चाकांवरचं घर) घेतली आहे. फिरणं होतं, पण वर्षातला बराच काळ ती घराच्या पश्चिमेला मोकळ्या जागेत उभी असते. उन्हानं छताच्या सांध्यांवरचं सीलंट तडकायला लागलंय, खिडक्यांच्या अ‍ॅक्रिलिकवर बारीक रेघा दिसतात. पत्र्याची शेड घालायची नाही, म्हणून शेड सेल, म्हणजे कोपऱ्यांवर ताणून बांधायचं सावलीचं कापड, बघतोय. १६ बाय २० फुटांचं तयार मिळतंय. कापड कोणतं घ्यावं? शेतीची हिरवी शेडनेट चालेल का? दोन कोपरे गच्चीच्या कठड्याला, एक नारळाला आणि एक लोखंडी खांबाला बांधायचा विचार आहे. ट्रेलरच्या छतावर सोलर पॅनलही आहे.
– एक वाचक, सांगलीवाडी

उत्तर: ताई, कापडाचं सांगतोच, पण आधी कोपऱ्यांचं बोलू. साताऱ्यात आमच्याकडे तंबू-कनाती शिवायचं काम चालत आलंय. दुरुस्तीला येणाऱ्या शेड सेलांमध्ये मधोमध फाटलेलं क्वचित दिसतं. कोपरा उसवलेला असतो, नाहीतर कापड शाबूत आणि खांब वाकलेला असतो.

तुमच्याकडे या कापडाची खरी परीक्षा वळवात होणार. दुपारभर पान हलत नाही आणि चारच्या सुमाराला धुळीचा लोट उठतो, तेव्हा. वाऱ्याचा दाब काढायचं सूत्र सोपं आहे. वेग सेकंदाला किती मीटर ते घ्या, त्याचा वर्ग करा आणि ०.६ ने गुणा. येईल तो दर चौरस मीटरवरचा दाब, न्यूटनमध्ये. ताशी ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला २० मीटर. दाब २४० न्यूटन, म्हणजे चौरस मीटरला साधारण २४ किलो. तुमचं कापड जवळपास ३० चौरस मीटर आहे. हिशेब सातशे किलोंच्या वर गेला. जाळीतून थोडा वारा निसटतो हे खरं, पण वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. शिवाय कापड जितकं सपाट ताणाल तितकी कोपऱ्यांवरची ओढ वाढते.

म्हणून गच्चीचा कठडा अजिबात नको. चार इंची विटांचा कठडा आडव्या ओढीसाठी बांधलेलाच नसतो. घराचा आधार घ्यायचाच असेल तर आरसीसी कॉलमला किंवा बीमला जाड प्लेट बसवून घ्या, तीसुद्धा घराचं काम बघणाऱ्या इंजिनिअरला विचारून. नारळही नको. वाऱ्यात तो सतत डोलतो, त्याच्याबरोबर कापडाला हिसके बसतात, आणि झावळ्या-नारळ पडणार ते नेमके ट्रेलरवरच. ट्रेलरच्या अंगालाही दोरी बांधू नका. तो स्प्रिंगवर हलतो आणि त्याचं छत ओढ सोसायला केलेलं नसतं.

आता खांब. चौदा फूट उंचीवर चार इंची पाईप नुसता उभा केला तर इतक्या मोठ्या कापडाच्या ओढीला तो वाकेल. एकतर सहा इंची पाईप घ्या, नाहीतर चार इंचीला मागून ताण द्या. ताण म्हणजे काय ते तुमच्या भागात मी सांगायला नको. तासगाव-पलूसकडच्या कुठल्याही द्राक्षबागेत ओळीच्या टोकाशी जाऊन बघा. टोकाचा अँगल बाहेरच्या अंगाला कललेला असतो आणि त्याच्या डोक्यापासून निघालेली तार जमिनीत खोल पुरलेल्या दगडाला बांधलेली असते. अख्ख्या ओळीचं ओझं त्या दगडावर जातं. शेड सेलच्या खांबालाही हेच करायचं: थोडा बाहेर कल, मागे तार, तारेच्या टोकाला काँक्रीटचा ठोकळा. द्राक्षबागांचे मांडव उभारणारे कारागीर हे काम चोख करतात, त्यांनाच विचारा.

खड्डा घेताना मात्र घाई करू नका. नदीकाठची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि खांब दरवर्षी थोडा थोडा सैल करते. जमिनीवर जेवढा खांब, त्याचा निदान तिसरा हिस्सा आत हवा. तेवढ्यावर मुरूम लागला नाही तर अजून खाली जा. पाईप, पाया आणि ताण यांचं माप एकदा स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून घ्या. त्याची फी वाकलेल्या खांबापुढे काहीच नाही.

कोपरे एका पातळीत ठेवू नका. तिरपे समोरासमोरचे दोन वर, दुसरे दोन खाली, फरक तीन फुटांचा. कापडाला पीळ बसला की ते फडफडत नाही. जे फडफडतं ते शिवणीतून सुटतं. खालचा कोपराही ट्रेलरच्या छतापासून अडीच-तीन फूट वर असू द्या, मधून गरम हवा निघून गेली पाहिजे.

सावली कुठे पडते हेही बघायला हवं, आणि इथं लोक हमखास चुकतात. सांगलीचं अक्षांश १७ अंशांच्या जरा आत. मेच्या सात-आठ तारखेच्या सुमाराला भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, तेव्हा कापड बरोबर वर असलं की झालं. पण खरा चटका तीन ते पाचचा. एप्रिलच्या मध्यावर साडेतीनच्या सुमाराला सूर्य पश्चिमेला ४५ अंशांवर असतो, म्हणजे कापड जितकं उंच तितकीच सावली पूर्वेला सरकते. अकरा फुटांवरच्या कापडाची जमिनीवरची सावली अकरा फूट पूर्वेला गेली की पश्चिमेकडची चाकं आणि खिडक्या उघड्याच पडल्या. तुमच्या पूर्वेला घर आहे, सकाळचं ऊन तेच अडवेल. तेव्हा कापड ट्रेलरच्या मधोमध न धरता चार-पाच फूट पश्चिमेला सरकवा. चाकांना वेगळी कव्हरं घाला. टायर बाजूनं तडकतात आणि तिथपर्यंत वरची सावली पुरत नाही.

मापाचंही लक्षात ठेवा. सेलच्या कडा आत वळवून कापलेल्या असतात, त्यामुळे १६ बाय २० ची पूर्ण सावली मिळत नाही. शिवाय कोपरा आणि खांब यांच्यामध्ये टर्नबकल (फिरवून ताण वाढवायचा स्क्रू), डी-शॅकल (जोडायची कडी) यांसाठी दोनेक फूट जागा सोडावी लागते. माझं ऐकाल तर एका मोठ्या कापडाऐवजी दोन लहान कापडं घ्या, एकावर एक थोडी चढवून. मधल्या फटीतून वारा निघून जातो, आणि वळीव दिसला की दोघांना मिळून ती उतरवता येतात.

कापड एचडीपीईचं (एक चिवट प्लास्टिक), स्वेटरसारख्या विणीचं घ्या. कात्रीनं टोक कापून बघा, धागे सुटत गेले तर ते घेऊ नका. चौरस मीटरला ३०० ग्रॅमच्या आसपास वजन असावं. दुकानदार ‘९० टक्के’ म्हणाला तर कशाचे ९० ते विचारा. सावलीचा टक्का वेगळा, अतिनील किरण अडवण्याचा वेगळा, आणि तुमच्या सीलंटला नि अ‍ॅक्रिलिकला दुसरा महत्त्वाचा. कापडावर हात फिरवण्यापेक्षा कोपरा उलटून बघा. कापडाच्या किती घड्या आहेत, पट्टा कडेभर फिरवलाय की फक्त कोपऱ्यात चिकटवलाय, कडी स्टेनलेसची आहे का, दोरा उन्हाला टिकणारा आहे का. बेदाणा शेडवरची हिरवी नेट तिच्या कामाला उत्तम आहे, पण ती सांगाड्यावर पसरण्यासाठी असते, चार कोपऱ्यांवर ताणण्यासाठी नाही. पाणी न गळणारं पीव्हीसी कापड तुम्हाला सुचवणार नाही. त्यावर एक सेंटिमीटर पाणी साचलं तरी चौरस मीटरला दहा किलो ओझं.

सोलर पॅनल सावलीत नावापुरती वीज देईल. घरून चार्जर जोडा किंवा बॅटरी काढून ठेवा.

आणि ताई, तुम्ही सांगलीवाडीत राहता म्हणून एक गोष्ट कळकळीनं सांगतो. २०१९ आणि २०२१ चे महापूर तुम्ही पाहिलेत. ट्रेलरचा दांडा फाटकाकडे ठेवा आणि त्या बाजूला खांब, तार, ठोकळा काहीही येऊ देऊ नका. आयर्विन पुलाजवळचं कृष्णेचं पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडे निघालं की कापड सोडवत बसायची वेळ येता कामा नये. गाडी जोडायची आणि बाहेर पडायचं. तसंही मृग लागायच्या आत सेल उतरवून, धुऊन, कडक वाळवून, उंदीर पोचणार नाहीत अशा जागी ठेवलेलं बरं.

प्रश्न: ट्रेलरवर सरळ निळी ताडपत्री घालून बांधली तर एवढा खटाटोप वाचेल ना?
– एक वाचक, कराड

उत्तर: खर्च वाचेल, ट्रेलर वाचणार नाही. ताडपत्री अंगाला चिकटली की आत दमट हवा कोंडते, गाद्यांना बुरशी येते, आणि वाऱ्यात तिची कड रंगावर घासत राहते. तूर्तास दुसरं काही शक्य नसेल तर बांबूचा सांगाडा करून ताडपत्री छतापासून फूटभर वर धरा, बाजू मोकळ्या सोडा आणि छताच्या खिडक्या किंचित उघड्या ठेवा.