वाचकांचे प्रश्न : खलिफांच्या नाण्यावर इराणचा बादशहा

प्रश्न : एका प्रदर्शनात ‘आरंभीच्या इस्लामी काळातील दिरहम’ म्हणून मांडलेले चांदीचे नाणे पाहिले. त्यावर मुकुटधारी राजाचा चेहरा होता आणि मागे अग्निवेदी. ते नाणे बनावट असावे का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : केवळ चित्र आहे म्हणून ते नाणे बनावट ठरत नाही. अभ्यासक या प्रकाराला अरब-सासानी दिरहम म्हणतात. इ.स. 651 मध्ये इराणच्या सासानी घराण्याचा शेवटचा सम्राट तिसरा यझ्दगर्द मारला गेला, तेव्हा इराणात चांदीच्या नाण्यांच्या टांकसाळी, त्यांतले कसबी कारागीर आणि त्या नाण्यांवर भरवसा ठेवून व्यवहार करणारा व्यापारी वर्ग, हे सारे जागेवरच होते. नव्या अरब सत्ताधाऱ्यांनी ही घडी मोडली नाही. आधीचा सासानी सम्राट दुसरा खुस्रो याच्या छापाचीच नाणी ते पाडत राहिले. असे नाणे पुन्हा पाहायला मिळाले, तर चेहऱ्याभोवतीच्या वर्तुळाबाहेरची कडेची पट्टी नीट पाहावी. तिथे उजवीकडे खाली, कुफी या जुन्या वळणाच्या अरबी लिपीत बारीक अक्षरांत ‘बिस्मिल्लाह’ कोरलेले असते आणि सत्तांतराची खूण बहुधा तेवढीच असते. पुढे खुस्रोच्या नावाच्या जागी झियाद बिन अबी सुफियान याच्यासारख्या अरब सुभेदारांची नावे आली, पण तीही पहलवी या जुन्या इराणी लिपीतच. मुहंमद पैगंबरांचे नाव असलेली नाणी इराणातील बिशापूरच्या टांकसाळीत हिजरी 66 मध्ये, म्हणजे इ.स. 685-86 मध्ये निघाली. त्यांवरही राजाचा चेहरा कायम होता. (गुजरात, राजस्थान आणि महाराष्ट्रातही सापडणाऱ्या गधैया नाण्यांवरील आकृती या सासानी चित्रांचेच झिजत गेलेले रूप आहे.)

प्रश्न : मग चित्रे गेली केव्हा, आणि नंतरच्या दिरहमांवर खलिफाचे नावसुद्धा का दिसत नाही?
– एक वाचक, पुणे

उत्तर : हा बदल उमय्या घराण्यातील खलिफा अब्दुल मलिक याने केला. प्रतिस्पर्धी इब्न झुबैर इ.स. 692 मध्ये मारला गेल्यावर साम्राज्य पुन्हा एका हाताखाली आले, दफ्तराची भाषा अरबी होऊ लागली आणि नाणीही बदलली. मात्र ती एका फटक्यात बदलली नाहीत. तलवार धारण करून उभ्या असलेल्या खलिफाचे चित्रही काही वर्षे नाण्यांवर वापरून पाहिले गेले. म्हणूनच, धर्मात निषिद्ध म्हणून चित्रे लगोलग काढून टाकली, हे सोपे स्पष्टीकरण मला पटत नाही. हिजरी 77 मध्ये सोन्याचे आणि 79 च्या (इ.स. 698-99) सुमारास चांदीचे, केवळ अक्षरांचे नाणे रूढ झाले. वजनही सासानी नाण्याच्या सुमारे चार ग्रॅमवरून तीन ग्रॅमच्या किंचित खाली आले. दहा दिरहमांचे वजन सात दिनारांइतके, म्हणजे सोन्याच्या सात नाण्यांइतके, असा त्याचा हिशोब होता.

या दिरहमाच्या एका बाजूला मध्यभागी ‘अल्लाहशिवाय दुसरा ईश्वर नाही, तो एकच आहे, त्याला कोणी भागीदार नाही’ असे तीन ओळींत लिहिलेले असते आणि दुसऱ्या बाजूला ईश्वराचे एकत्व सांगणारे कुराणवचन असते. सत्ता कोणा व्यक्तीच्या नव्हे, तर श्रद्धेच्या नावाने चालते, ही घोषणा या मजकुरातून होत होती. त्यात खलिफाच्या नावाला जागाच नव्हती. ती जागा उमय्यांनंतर आलेल्या अब्बासी घराण्याच्या काळात मिळाली. इतिहासकाराला मात्र कडेचा लेख अधिक मोलाचा वाटतो, कारण ‘हा दिरहम अमुक शहरी, अमुक साली पाडला’ असे त्यात स्पष्ट लिहिलेले असते. त्या काळच्या कितीतरी कागदपत्रांचा मागमूस उरलेला नाही. या नाण्यांवरून मात्र वासित, बसरा, दमास्कस अशा शहरांची टांकसाळ कोणत्या साली चालू होती, हे वर्षवार मांडता येते.

प्रश्न : असे दिरहम स्वीडनमध्ये सापडतात, हे खरे आहे काय?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : होय. गोटलंड बेटावर स्पिलिंग्स येथे 1999 मध्ये सुमारे 67 किलो चांदी मिळाली. तिच्यात चौदा हजारांहून अधिक नाणी होती आणि त्यांतली बहुतेक इस्लामी. फर आणि गुलामांच्या मोबदल्यात ही चांदी रशियातील नद्यांच्या मार्गाने उत्तरेला जात असे. तिथे ती वजनावर घेतली जाई, म्हणून तुकडे केलेले दिरहमही अशा ठेव्यांत आढळतात. नाण्यांवरचे साल वाचता आल्यामुळेच हा ठेवा इ.स. 870 नंतर पुरला गेला, असे सांगता येते.