बी.कॉम. झाल्यावर बी.एड. केलं की नववी-दहावीला शिक्षक होता येतं का?

तुम्ही विचारलंय: बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे, घरचे म्हणतात बी.एड. करून टाक, हायस्कूलला शिकवायची मनापासून इच्छा आहे, तर नेमकी कोणती पदवी लागते? महाराष्ट्रातल्या राज्य मंडळाच्या शाळा तुमच्या डोक्यात आहेत असं धरून लिहितो. मी स्वतः बी.ए. भूगोल, मग बी.एड., आणि आता बरीच वर्षं हायस्कूलच्या स्टाफरूममध्ये.

बी.एड.ला प्रवेश तुम्हाला मिळेल. वाणिज्य पदवीधरांना तो चालतो. पण त्या बी.एड.वर नववी-दहावीची जागा मिळणं अवघड आहे, आणि ही गोष्ट प्रवेश घेताना सहसा कुणी सांगत नाही.

नियम असा आहे. शिक्षकांची किमान पात्रता राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषद, म्हणजे एनसीटीई ठरवते. तिच्या २०१४च्या विनियमांनुसार नववी-दहावीसाठी पदवी किंवा पदव्युत्तर पदवीला किमान ५० टक्के आणि बी.एड. हवं. यातला ‘किंवा’ लक्षात ठेवा. पदवीला ४७-४८ टक्क्यांवर अडकलेल्या कितीतरी जणांनी एम.ए.ला ५०च्या वर जाऊन वाट काढलीय. अकरावी-बारावीसाठी त्या विषयाची पदव्युत्तर पदवी ५० टक्क्यांनी आणि सोबत बी.एड.

कागदावर एवढंच. पण जागा भरली जाते ती विषयाची. जाहिरातीत ‘माध्यमिक शिक्षक’ एवढ्यावर भागत नाही. पुढे मराठी, इंग्रजी, गणित, विज्ञान, इतिहास, भूगोल असं काहीतरी असतं. आता दहावीच्या वर्गाचं वेळापत्रक डोळ्यांपुढे आणा. त्यात लेखाकर्माचा तास कुठे आहे? वाणिज्यचे विषय सुरू होतात अकरावीला. म्हणजे तुमच्याकडे पदवी आहे, बी.एड. आहे, टक्के आहेत, फक्त शाळेत तुमचा विषय नाही.

एका मित्राबरोबर मी कागदपत्र पडताळणीला गेलो होतो. बी.कॉम. ६८ टक्के, बी.एड. प्रथम श्रेणी, फाईल अगदी प्लास्टिकच्या कप्प्यांत लावलेली. टेबलामागच्या बाईंनी बी.एड.चं प्रमाणपत्र नुसतं उलटून ठेवलं. मग तृतीय वर्षाची गुणपत्रिका काढली, तिच्यावर आडवी पट्टी ठेवली आणि एकेक ओळ खाली सरकवत गेल्या. कॉस्टिंग. ऑडिटिंग. इन्कम टॅक्स. पट्टी तळाला पोचल्यावर विचारलं, “विषय?” हा म्हणाला, “कॉमर्स.” “तो कळला. शाळेचा कुठला?” त्याची बी.एड.ची मेथड गणिताची होती, ते त्याने सांगून पाहिलं. बाईंनी पट्टी पुन्हा वर नेली आणि म्हणाल्या, “यात गणित दाखवा.” आवाजात राग वगैरे काही नव्हता, दिवसभर तेच विचारत असणार त्या.

मेथड म्हणजे अध्यापन पद्धती, बी.एड.ला आपण निवडतो ते विषय. पुष्कळांचा समज असतो की मेथड घेतली की तो विषय शिकवायचा अधिकार मिळाला. तसं नाही. मेथड पदवीच्या विषयावर बसते, पदवीच्या विषयाची जागा घेत नाही. आणि कॉलेजं मेथड देताना फारशी खळखळ करत नाहीत, हा माझा अनुभव. त्यांची जागा भरते, तुमची दोन वर्षं जातात.

बी.एड. निरुपयोगी आहे असं मात्र समजू नका. २०१५पासून ते दोन वर्षांचं झालंय आणि त्यात २० आठवडे शाळेतला अनुभव असतो. सूक्ष्म अध्यापनाचे, म्हणजे एकेका कौशल्याच्या सरावाचे, पाठ पाच-सहा मिनिटांचे. फलकलेखन कौशल्याच्या माझ्या पहिल्या पाठाला ओळी फळ्यावर उजवीकडे अशा उतरत गेल्या की शेवटचा शब्द डस्टरच्या कट्ट्याला टेकला. निरीक्षणवहीत लाल शाईत शेरा आला: “फळ्याशी बोलू नका.” तो शेरा आजही तास सुरू करताना आठवतो. पण त्या दोन वर्षांत कुणी मला भूगोल शिकवला नाही, तो येतो असंच धरलं होतं. सराव पाठात एका मुलीने विचारलं, दिवसा वारा समुद्राकडून येतो, तर रात्री उलटा का फिरतो? जमीन लवकर तापते आणि लवकर निवते, त्यामुळे हवेच्या कमी दाबाचा पट्टा दिवसा जमिनीवर असतो आणि रात्री पाण्यावर जातो, हे पदवीच्या वर्गात पक्कं झालं होतं म्हणून निभावलं. त्याच आठवड्यात वर सांगितलेल्या मित्राला आठवीत ‘उणे गुणिले उणे अधिक का?’ हा प्रश्न आला. नफा-तोटा तो झोपेतही सांगेल. इथे मात्र “नियमच तसा आहे” म्हणून तो पुढे गेला.

गंमत अशी की पुढच्या परीक्षांतही तुमचा विषय कुणी तपासत नाही. बी.एड.च्या सीईटीत बुद्धिमत्ता, सामान्य ज्ञान आणि शिक्षकी कल यांवर प्रश्न. नंतर भरतीसाठी ‘टेट’, म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी. २०० गुणांची, त्यात १२० अभियोग्यतेचे आणि ८० बुद्धिमत्तेचे. २०१७ला पहिल्यांदा झाली, मग थेट २०२३ला आणि त्यानंतर २०२५ला. मधली वर्षं उमेदवारांनी कशी काढली ते विचारू नका. तिच्या गुणांवर ‘पवित्र’ या सरकारी शिक्षक भरती पोर्टलमधून निवड होते. म्हणजे तुम्हाला विषय येतो याचा पुरावा म्हणून सरकारकडे एकच कागद उरतो, पदवीची गुणपत्रिका. म्हणून ती पट्टी तिथे ठेवतात.

(दोन ‘टेट’मध्ये घोळ करू नका. दुसरी टीईटी, शिक्षक पात्रता परीक्षा. ती पहिली ते आठवीच्या शिक्षकांसाठी. सहावी ते आठवीसाठी तिचा दुसरा पेपर. १५०पैकी ९० गुण लागतात, राखीव प्रवर्गाला सवलत आहे. आपल्याकडे नववी-दहावीसाठी ती लागत नाही. पण बऱ्याच हायस्कूलांत पाचवीपासूनचे वर्ग असतात आणि रिकामी जागा कुठल्या गटातली निघेल ते आपल्या हातात नसतं, शिवाय सप्टेंबर २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आठवीपर्यंतच्या, नोकरीत असलेल्या शिक्षकांनाही टीईटी बंधनकारक ठरवली. तेव्हा देऊन टाकलेली बरी. प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालतं.)

मग तुम्ही काय करावं? दोन वाटा दिसतात.

सरळ वाट एम.कॉम. आणि मग बी.एड. यातून तुम्ही कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी-बारावीला पुस्तपालन, वाणिज्य संघटन शिकवू शकाल. तुमचं आजवरचं शिक्षण वाया जात नाही. मुलं थोडी मोठी, एवढाच फरक. मी तुमच्या जागी असतो तर आधी हीच धरली असती.

पण नववी-दहावीच हवी असेल, तर शाळेत शिकवला जाणारा एक विषय घेऊन दुसरी पदवी करावी लागेल. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून मराठी, इतिहास यांसारखा विषय घेऊन बी.ए. करता येतं. २०२२पासून यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, एक नियमित आणि एक दूरस्थ अशा दोन पदव्या एकाच वेळी करायला परवानगी दिलीय, म्हणजे एम.कॉम. कॉलेजात आणि बी.ए. मुक्त विद्यापीठातून हे एकत्र बसू शकतं. जड आहे, खोटं कशाला सांगू. पण दोन्ही दारं उघडी राहतात. बी.एड. मात्र त्यानंतर, म्हणजे मेथड त्या विषयाची मिळेल आणि गुणपत्रिकेशी जुळेल.

‘घरबसल्या बी.एड., हजेरीची कटकट नाही’ म्हणणारे एजंट फोन करतील. दूरस्थ बी.एड. हे आधीच अध्यापन प्रशिक्षण घेतलेल्यांसाठी आहे, तुमच्यासाठी नाही. कॉलेज कुठलंही निवडा, एनसीटीईच्या संकेतस्थळावर त्याची मान्यता आधी बघा.

केंद्रीय विद्यालयाचा विचार असेल तर तिथेही गाडी विषयावरच येते. सामाजिक शास्त्रांसाठी पदवीला इतिहास, भूगोल, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र यांतले दोन लागतात, त्यातला एक इतिहास किंवा भूगोल असलाच पाहिजे. वर सीटीईटी, म्हणजे केंद्राची शिक्षक पात्रता परीक्षा.

पगाराचं तुम्ही विचारलं नाहीत, पण घरचे विचारतीलच. अनुदानित शाळेत पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून मानधन. २०२३पासून ते माध्यमिकला १८,००० आणि कनिष्ठ महाविद्यालयाला २०,००० रुपये आहे. त्याआधी माध्यमिकला ८,००० होतं. वेतनश्रेणी तीन वर्षांनंतर.

बारावीला असलेलं कुणी हे वाचत असेल तर त्यांच्यासाठी चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम सुरू झालाय, पदवी आणि बी.एड. एकत्र. तिथेही विषय निवडताना शाळेचं वेळापत्रक समोर ठेवा.

तुमच्या प्रश्नात एक गोष्ट राहिलीय: शाळेत असताना तुम्हाला कोणता विषय आवडायचा? तो खाली लिहा, त्यावरून बी.ए.ला काय घ्यावं आणि मेथडची कुठली जोडी जमेल ते सांगतो.