कचऱ्यापासून वीज बनवणारा प्लांट दरवर्षी दोन-तीन आठवडे मुद्दाम बंद का ठेवतात?

हौस म्हणून नाही ठेवत हो. कोळशापेक्षा कचरा बॉयलरला जास्त खातो, त्यात पीव्हीसी प्लास्टिक असतं, खरकट्यातलं मीठ असतं, म्हणजे क्लोरीन आलाच आणि तो सुपरहीटरच्या, म्हणजे वाफ आणखी तापवणाऱ्या भागाच्या, ट्यूब कुरतडतो, म्हणून तर बऱ्याच प्लांटमधे वाफ ४०० अंशांच्या आसपासच ठेवतात. शटडाऊनला आधी बॉयलर थंड होऊ द्यायचा, मग ट्यूबवर दगडासारखी चिकटलेली राख झाडायची, जागा घासून चकचकीत करायची आणि अल्ट्रासोनिक मीटरने जाडी मोजायची. ५ मिमीची ट्यूब ३ वर आली की खडूने खूण, तो तुकडा कापून नवीन, नाहीतर वरून इन्कोनेलचा, म्हणजे सहज न गंजणाऱ्या निकेलच्या मिश्रधातूचा थर. कचरा जळतो त्या जाळीखाली वितळून थिजलेल्या ॲल्युमिनियमचे गोळे सापडतात ते वेगळंच! आत माणूस उतरवायच्या आधी ऑक्सिजन चेक, १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर कोणी आत जायचं नाही, परमिट हातात, बाहेर एक जण उभा, यात शॉर्टकट नाही म्हणजे नाही. कचरा काय थांबत नाही ना, म्हणून कचरा साठवायचा बंकर आधीपासून उपसत आणतात, दोन लाइन, म्हणजे भट्टी-बॉयलरचे दोन संच, असतील तर एक चालू ठेवतात, नाहीतर गाड्या सरळ डम्पिंग ग्राउंडला.