क्षमा जमत नाही, म्हणजे माझा विश्वास खोटा आहे का?

ख्रिस्ती विश्वास मनापासून जगणारी माणसे समुपदेशनासाठी येतात, तेव्हा एक प्रश्न निरनिराळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा पुढे येतो. ज्याने माझे एवढे वाईट केले त्याला मी क्षमा करू शकत नाही, मग देव तरी मला क्षमा करील का? या प्रश्नाने व्याकूळ झालेल्या एका बाईंची हकिकत त्यांच्या संमतीने येथे मांडत आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वडिलांच्या दीर्घ आजारपणात या बाईंनी त्यांची सेवा केली होती. त्याच काळात थोरल्या भावाने खोट्या सहीने वडिलांची ठेव काढून घेतली आणि ही गोष्ट उघडकीस आली ती वडील गेल्यानंतर. काही वर्षांनी भावाचा निरोप आला की झाले गेले विसरून जाऊ, तू विश्वासणारी आहेस, क्षमा करणे तुझे कर्तव्यच आहे. आणि त्याच निरोपात आपल्या नव्या कर्जाला तिने जामीन राहावे अशी विनंतीही होती. चर्चच्या मंडळीतील काही जणांनीही, चांगल्याच हेतूने, क्षमा करून मोकळे होण्याचा सल्ला दिला. बाईंनी प्रार्थनेत अनेकदा क्षमेचे शब्द उच्चारले. पण भावाचे नाव निघताच छाती धडधडे, रात्रीची झोप उडे, आणि मग आपली क्षमा खोटी, प्रार्थना खोटी आणि विश्वासही खोटा, असे त्यांचे मन त्यांना सांगू लागे. येशूने शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेत ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांना ऋण सोडले तसे आमची ऋणे सोड’ ही ओळ आली की त्या गप्प राहू लागल्या. उपासनेत येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी, म्हणजे प्रभुभोजन, घेणेही त्यांनी थांबवले होते.

त्यांच्या भीतीचे मूळ बायबलमधील मत्तयच्या शुभवर्तमानातील सहाव्या अध्यायाच्या पंधराव्या वचनात होते. तुम्ही लोकांना क्षमा केली नाही तर तुमचा पिताही तुम्हांला क्षमा करणार नाही, असा त्या वचनाचा आशय आहे. हे वचन कठोर आहे आणि ते सौम्य करून सांगणे मला प्रामाणिकपणाचे वाटले नाही. त्याऐवजी मी त्यांना विचारले की क्षमा केली असती तर नेमके काय झाले असते, असे तुम्हांला वाटते? थोडा विचार करून त्या म्हणाल्या, राग उरला नसता, ते सारे आठवले नसते, भावाशी पूर्वीसारखे बोलणे सुरू झाले असते आणि जामीनपत्रावर सही करताना हात थरथरला नसता. यांपैकी कोणती गोष्ट शास्त्र खरोखर मागते, हे आपण एकत्र वाचून पाहू, असे आम्ही ठरवले.

मत्तयच्या अठराव्या अध्यायात येशूने सांगितलेला निर्दय चाकराचा दाखला, म्हणजे राजाने ऋण सोडूनही आपल्या सोबतीच्या चाकराला ऋण न सोडणाऱ्याची गोष्ट, त्यांना पाठ होती, पण त्यातील आकड्यांकडे त्यांचे लक्ष गेले नव्हते. राजाने चाकराला सोडलेले ऋण दहा हजार तालांतांचे होते. एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार आणि एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, हे धरले तर ते ऋण सहा कोटी दिवसांच्या मजुरीइतके होते, म्हणजे फेडता येण्याच्या पलीकडचे. त्यापुढे सोबतीच्या चाकराचे शंभर दिनार नगण्य ठरतात, असे आपण सहज म्हणतो. मात्र शंभर दिवसांची मजुरी कोणत्याही मजुराच्या घरात लहान रक्कम नसते. येशूने आपल्यावर झालेला अन्याय शून्य धरलेला नाही. खऱ्या, जाणवणाऱ्या नुकसानीचाच हिशेब सोडायला त्याने सांगितले आहे. हे लक्षात आल्यावर बाई बराच वेळ रडल्या. भावाने केलेले लहानच होते असे मानले तरच क्षमा करता येईल, अशी त्यांची समजूत होती आणि तसे मानणे त्यांना वडिलांशी बेइमानी वाटत होते.

रागाविषयी आम्ही अधिक वेळ दिला. ५५वे स्तोत्र ज्याने रचले त्याला छळणारा शत्रू नव्हता. देवाच्या घरी बरोबर चालणारा जिवलग सोबती होता, आणि त्या स्तोत्रातील शब्द अतिशय तीव्र आहेत. ते देवापुढे उच्चारलेले शब्द आहेत आणि शास्त्राने ते गाळलेले नाहीत. मी बाईंना ते स्तोत्र मोठ्याने वाचायला सांगितले. मानसशास्त्रातही या अनुभवाला आधार आहे. एव्हरेट वर्दिंग्टन या ख्रिस्ती मानसशास्त्रज्ञाने क्षमेचा निर्णय आणि भावनांमधील क्षमा असा भेद केला आहे. ज्यांच्या आईची घरफोडीच्या वेळी हत्या झाली अशा अभ्यासकाचे हे म्हणणे असल्याने मला ते वजनदार वाटते. सूड घेणार नाही, वाईट चिंतणार नाही, हा निर्णय एका दिवशी घेता येतो. भावना मात्र आपल्या गतीने, कधी पुढे कधी मागे, त्याच्या मागून येतात. निर्णयानंतरही राग उसळला, तर तो निर्णय खोटा होता असे ठरत नाही.

राहिला प्रश्न पूर्ववत संबंधांचा, आणि सर्वांत जास्त गोंधळ येथेच होतो. उत्पत्तीच्या पुस्तकातील योसेफाला त्याच्या भावांनी गुलाम म्हणून विकले होते; पुढे ते समोर आले तेव्हा त्यांना ओळखल्यावर त्याने लगेच मिठी मारली नाही. धाकट्या बन्यामिनाच्या बाबतीत त्याने त्यांना पुन्हा तशाच कसोटीला उभे केले आणि बन्यामिनाच्या जागी भावांपैकी यहूदा स्वतः गुलाम व्हायला तयार झाला, तेव्हाच त्याने आपली ओळख सांगितली. लूकच्या सतराव्या अध्यायात भावाने अपराध केल्यास त्याला दोष दाखव आणि त्याने पश्चात्ताप केल्यास क्षमा कर, असा क्रम आहे. लूकमधील जक्कय या जकातदाराने तर कोणी न मागता, लुबाडलेले चौपट परत देण्याची तयारी दाखवली. माझ्या मते क्षमेचा निर्णय एकट्याने घेता येतो. समेटाला मात्र दोघे लागतात, आणि विश्वास पुन्हा बसण्यासाठी अपराध करणाऱ्याचे बदललेले वागणे लागते. घरातील मारहाण किंवा लैंगिक अत्याचार सोसलेल्या व्यक्तीला क्षमेच्या नावाखाली त्याच घरात परत पाठवणे मी चूक मानतो; तेथे आधी सुरक्षितता आणि आवश्यक तेथे कायद्याची मदत हवी.

प्रभुभोजनाबाबत बाईंचा आधार मत्तयच्या पाचव्या अध्यायातील वेदीजवळ दान ठेवून समेटासाठी जाण्याच्या वचनाचा होता. तेथे आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, असे ज्याला आठवते त्याने जायचे आहे. म्हणजे उठून जाण्याची पहिली जबाबदारी ज्याच्याकडून अपराध घडला त्याच्यावर येते. बाई ते वचन इतकी वर्षे आपल्याविरुद्ध वाचत आल्या होत्या. याविषयी त्यांनी आपल्या पाळकांशीही बोलावे असे मी सुचवले, कारण मंडळीच्या शिस्तीबद्दल निर्णय देणे हा समुपदेशकाचा अधिकार नव्हे. पाळकांनी त्यांचे शांतपणे ऐकून घेतले आणि त्या पुन्हा प्रभुभोजन घेऊ लागल्या.

पुढे त्यांनी भावाला पत्र लिहिले. त्यात काय घडले ते स्पष्ट शब्दांत होते, आपण सूड घेणार नाही आणि त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करतो हे होते, तसेच जामीन राहणार नाही आणि ठेवीचा हिशेब समोर येईपर्यंत पैशाचा कोणताही व्यवहार करणार नाही, हेही होते. भावाचे उत्तर रागाचे आले. त्या रात्री त्यांना झोप लागली नाही आणि आपण पुन्हा कठोर झालो का, असे विचारायला त्या आल्या. मी त्यांना त्यांच्याच पत्राची प्रत वाचायला दिली. त्यातील एकही वाक्य बदलावेसे वाटत नाही, असे त्या म्हणाल्या, आणि राहिलेल्या वेळात आम्ही वडिलांविषयी बोललो, कारण त्यांच्या जाण्याचे दुःख करायला या सगळ्यात त्यांना सवडच मिळाली नव्हती.